ओळखीचं घर सोडून

पाचगणीजवळचं भिलार स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध. मे २०१७मध्ये ते पुस्तकांचं गाव झालं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वायची. तिथं पुस्तकांची दुकानं, इथं मात्र लोकांच्या घरांत बसून फुकट वाचायचं. एका घरात चरित्रं, दुसऱ्यात इतिहास, आणखी कुठं कविता. आपल्या आवडीचं घर शोधायचा मोह होतोच. मी म्हणेन, ज्या प्रकारचं पुस्तक एरवी हातात धरणार नाही, त्याच्या घरात आधी शिरा.

धीर होत नसेल, तर ओळखीच्या लेखकाचं बोट धरा. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आवडल्या? मग त्यांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’ उघडा. साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो कथांसाठी नव्हे, २०१४ साली याच आत्मचरित्रासाठी.