भिंतीआडचे साक्षीदार

भयकथेत वेड्यांचे इस्पितळ ही काही नवी जागा नव्हे. गजांचे दरवाजे, साखळदंड आणि मध्यरात्रीची किंकाळी एवढ्या सामग्रीवर सामान्य लेखकाचे काम भागते. तेथे भय वाटते ते वेड्या माणसाचे. अमेरिकन कथाकार हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) याने मात्र हे भय उलटे फिरविले. त्याच्या कथांत इस्पितळात कोंडलेला मनुष्य पुष्कळदा साक्षीदार असतो. या अफाट विश्वाला मानवाची काहीच मातब्बरी नाही, हे त्याने पाहिलेले असते. आणि बाहेरचे शहाणे जग ते ऐकावयास तयार नसते.

‘द केस ऑफ चार्ल्स डेक्स्टर वॉर्ड’ ही १९२७ साली लिहिलेली दीर्घकथा एका रुग्णाच्या बेपत्ता होण्याने सुरू होते. त्याला जुन्या काळाची अचाट माहिती असते, चालू काळाची मात्र काहीच नसते. डॉक्टर लक्षणे अचूक टिपतात. पण कोठडीतला मनुष्य वॉर्ड नसून त्याचा दीडशे वर्षांपूर्वीचा पूर्वज आहे, हे त्यांच्या शास्त्रात बसत नाही. निदान बरोबर आणि माणूस चुकीचा, अशी ही विलक्षण स्थिती आहे.

लव्हक्राफ्टला हे जग ऐकीव नव्हते. प्रॉव्हिडन्स येथील बटलर इस्पितळात त्याचे वडील १८९३ साली दाखल झाले आणि १८९८ साली तेथेच वारले. मार्च १९१९ मध्ये आईही तेथेच गेली. १९२१ साली तिचाही तेथेच अंत झाला. या दुःखातूनच कथा जन्मल्या, असे सरळ समीकरण मांडणे धाडसाचे होईल. परंतु त्या भिंतीआड खरी माणसे राहतात, हे त्याला ठाऊक होते, एवढे निश्चित.

म्हणूनच त्याची एक उणीव अधिक बोचते. १९१९ सालच्याच ‘बियॉन्ड द वॉल ऑफ स्लीप’ या कथेत जो स्लेटर हा दरिद्री डोंगरी मनुष्य इस्पितळात येतो. त्याची दिव्य स्वप्ने खरी ठरतात; पण ती त्याची नव्हेत, त्याच्या देहात अडकलेल्या एका तेजोमय जीवाची. स्लेटरविषयी कथेत तुच्छतेखेरीज काही नाही. कथेचा निवेदक, त्याच इस्पितळातील तरुण डॉक्टर, हे सत्य सांगतो, तेव्हा वरिष्ठ त्यालाच मनःशांतीसाठी पगारी रजा देतात. निवेदकावरील अन्याय लेखकाला दिसतो. स्लेटरवरील दिसत नाही.

लव्हक्राफ्टने कल्पिलेल्या आर्कहॅम नगराचे नाव १९७४ साली ‘बॅटमॅन’ चित्रकथेतील इस्पितळाला मिळाले. तेथे पुन्हा खलपुरुष कोंडलेले आहेत, आणि वाचकाचे भय पुन्हा वेड्या माणसाकडे वळले आहे. लव्हक्राफ्टने रुग्णाच्या बोलण्यात सत्य असू शकते, एवढे मान्य केले होते. ते सत्य त्या रुग्णाचे स्वतःचे असू शकते, हे मान्य करण्याचे काम मात्र वाङ्मयापुढे अद्याप शिल्लक आहे.