दुखणे नसतानाच तपासणी
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या संघाच्या व्यासपीठावरून शिक्षण, शिष्यवृत्त्या, विवाहातील काटकसर अशा विषयांवर आजवर पुष्कळ विचारविनिमय झाला आहे. आज ज्या विषयाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो, तो चारचौघांत सहसा उच्चारला जात नाही. स्त्रियांना होणारा कर्करोग हा तो विषय होय. वडीलधाऱ्यांसमोर असा विषय काढणे कित्येकांस प्रशस्त वाटणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु या मौनाची किंमत आपल्याच लेकीसुनांना मोजावी लागते, म्हणून बोलणे भाग आहे.

प्रथम या रोगाची व्याप्ती पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने त्या वर्षी सुमारे ८० हजार स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. आता तपासणीचे प्रमाण पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वर्षांच्या शंभर स्त्रियांमागे जेमतेम दोघींनी गर्भाशयमुखाची तपासणी कधी काळी करून घेतल्याचे दिसून आले.

असे का होते, हे शहापूर-मुरबाडकडील कोणाही गृहिणीस सांगावयास नको. पहाटेचे पाणी आणि चूल, पावसाळ्यात आवणी, पुढे कापणी आणि झोडणी, यांतून तिची सुटका होत नाही. घरातील सर्वांची दुखणी निस्तरल्यावर तिच्या दुखण्याची पाळी येते. अंगावरून पांढरे जाते, ते ती उष्णतेवर ढकलते. पाळी गेल्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा रक्त दिसते, ते ती कोणास सांगत नाही. स्तनात गाठ हाताला लागते, पण ती दुखत नाही म्हणून तिची काळजी वाटत नाही. दुखू लागले म्हणजे मग कल्याण, ठाणे आणि परळ अशी धावपळ सुरू होते. तोवर रोग बराच पुढे गेलेला असतो.

बंधुभगिनींनो, गर्भाशयमुखाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे तो होतो, या शोधासाठी हाराल्ड त्सूर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञास २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो व बहुसंख्य स्त्रीपुरुषांस आयुष्यात केव्हातरी त्याचा संसर्ग होतोच. बहुतेकींचे शरीर त्याला आपोआप हुसकावून लावते. म्हणून या रोगावरून कोणाही स्त्रीच्या शीलाविषयी शंका घेणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय अन्यायही आहे. ज्या थोड्या स्त्रियांत विषाणू ठाण मांडून बसतो, त्यांच्यातही कर्करोग होण्यास बहुधा दहा ते वीस वर्षे लागतात. इतकी दीर्घ मुदत देणारे रोग थोडेच असतील. ती मुदत वाया जाऊ न देणे, हाच तपासणीचा हेतू होय.

ही तपासणी अगदी साधी आहे. शिकलेली परिचारिका गर्भाशयाच्या मुखास सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे सिरक्यातील आम्ल, लावते व मिनिटभर थांबून तेथे पांढरा डाग उमटतो का ते पाहते. त्यास भूल लागत नाही आणि दवाखान्यात राहावेही लागत नाही. डाग दिसला म्हणजे कर्करोगच झाला असे नव्हे. पुढील तपासणीत दोष ठरला, तर तो त्या अवस्थेत लहानशा उपचाराने दूर करता येतो.

या साध्या उपायाचे बळ किती, हे आपल्याच राज्यात सिद्ध झाले आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये एक मोठा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या स्त्रिया दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या व त्यांना मोजक्या आठवड्यांचे शिक्षण देण्यात आले होते. दर दोन वर्षांनी तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३ साली जाहीर झाले. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासात, विषाणूची केवळ एकदा चाचणी केलेल्या गटात असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. त्या स्त्रिया आपल्यासारख्याच शेतकरी कुटुंबांतील होत्या.

स्तनांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. मुंबईच्या त्याच अभ्यासात आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे गाठी लवकरच्या अवस्थेत सापडल्या, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. न दुखणारी गाठ, कातडीस पडलेली खळी, बोंडातून येणारे रक्त यांपैकी काहीही दिसल्यास वयाचा विचार न करता डॉक्टरांकडे गेले पाहिजे. तिसरा धोका मुखाचा. आपल्याकडील कित्येक वडीलधाऱ्या बाया आजही मिश्रीने दात घासतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू होय, आणि ती तोंडाच्या कर्करोगास निमंत्रण देते. तोंडातील पांढरा वा लाल चट्टा किंवा तीन आठवड्यांत न भरणारी जखम उपेक्षू नये.

सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांपुढील स्त्रियांसाठी या तिन्ही तपासण्यांची तरतूद आहे. गावच्या आशाताईंकडे चौकशी करावी. प्राथमिक आरोग्य केंद्र, शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय ही आपली पहिली दारे आहेत. उपचाराचा प्रसंग आलाच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. मुलींसाठी या विषाणूविरुद्धची लसही निघाली असून, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लशीस २०२२ साली मान्यता मिळाली. ९ ते १४ हे लशीस योग्य वय होय. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे तपासणी टाळू नये.

लाजेचा प्रश्न मात्र उरतो. शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी परदेशी जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या, त्या याचसाठी की आपल्या भगिनींना आपले दुखणे स्त्रीपाशी सांगता यावे. ती सोय आज पुष्कळ ठिकाणी झाली आहे. तरीही आपण जात नसू, तर लाजेपेक्षा मोठे कारण दुसरेच आहे, आणि ते ज्ञातीच्या पंक्तीत बसूनच बोलले पाहिजे. आईस कर्करोग आहे असे कळले की मुलीचे स्थळ मोडते, या धास्तीने घरे हा रोग लपवितात. गर्भाशयमुखाचा कर्करोग आईकडून मुलीकडे वारशाने येत नाही. स्तनाच्या कर्करोगातही आनुवंशिक प्रकार शंभरात पाच-दहाच असतात. एका ताटात जेवल्याने तर कोणताच कर्करोग होत नाही. ही भीती आपण ज्ञातिबांधवांनीच निर्माण केलेली आहे, तेव्हा ती नाहीशी करणेही आपल्याच हाती आहे.

म्हणून आम्ही या सभेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, आईच्या आजारावरून कोणत्याही मुलीचे स्थळ नाकारणार नाही, असा ठराव संघाने करावा. दुसरी, भात घरात आल्यावर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असतात. त्या निमित्ताने प्रत्येक गावातील तिशीपुढील स्त्रियांची यादी करून, आशाताईंकडून तपासणीचा वार ठरवून सर्वजणींनी मिळून जावे. एकटीस जी लाज वाटते, ती दहाजणींत वाटत नाही. तिसरी, सासूबाईंनी आधी जावे व सुनेस बरोबर न्यावे. त्या दिवशी घरची चूल आणि गुरेवासरे पुरुषांनी सांभाळावी.

आपल्या तालुक्यांत भातशेतीवर कीड पडण्याची वाट पाहत कोणी बसत नाही. रोप हिरवेगार असतानाच शेतकरी बांधावरून फेरी मारतो व पान उलटून पाहतो. ज्या माउलीच्या कष्टावर आपला संसार उभा आहे, तिच्या बाबतीत तेवढी दक्षता आपण अवश्य घ्यावी, एवढीच नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.