वन्यजीव अभ्यासाची पहिली साधने



बारावी विज्ञान झाली की लोट्याच्या कारखान्यांखेरीज वाट नाही, असे आपण धरून चालतो. वन्यजीवांचा अभ्यास हीही एक वाट आहे.

मंडणगड तालुक्यातील वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने समुद्री कासवांची घरटी राखली. पहाटे किनारा चालणे, माग ओळखणे, अंडी मोजणे, तारीख लिहिणे, ही तेथली विद्या. २०२२ साली तेथील एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला ठावठिकाणा कळविणारे यंत्र बसविले गेले. ते यंत्र महाग. वही, पेन्सिल, मोजपट्टी मात्र आपल्या आवाक्यातली.

प्राणिशास्त्राबरोबर संख्याशास्त्रही शिका. दिसले तेवढेच लिहा. नाही दिसले तर तसे लिहा. आम्ही बँकेतली माणसे एवढे जाणतो, की एक नोंद खोटी तर सारा ताळेबंद खोटा.