मंदी, बेकारी आणि कामाची हमी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



मंदी आली की बेकारीविषयी दोन प्रकारची भाषा ऐकू येते. पहिली उपदेशाची. तरुणांनी नवी कौशल्ये शिकावीत, नोकरीमागे न लागता स्वतःचा धंदा काढावा, पगाराच्या अपेक्षा आवराव्यात, असे सांगितले जाते. दुसरी भाषा धीराची. बाजाराचे चक्र फिरेल, भांडवलाची गुंतवणूक पुन्हा सुरू होईल आणि रोजगार आपोआप वाढेल, असे ती सांगते. बेकाराला आज काम देण्याची जबाबदारी कोणाची, ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र दोन्हींत नाही.

आधी उपदेश तपासून पाहावा. जागा शंभर आणि उमेदवार दीडशे असतील, तर प्रशिक्षणाने कोणते शंभर निवडले जातील एवढेच बदलेल; बाहेर राहणाऱ्या पन्नासांची संख्या बदलणार नाही. मंदीत कारखानदार कामगार कमी करतो तो कामगाराचे कसब संपले म्हणून नव्हे, माल खपत नाही म्हणून. कमी केलेल्या कामगाराची खरेदी थांबते आणि दुसऱ्या कारखान्यातील माल पडून राहतो. एकाची काटकसर ती दुसऱ्याची बेकारी, असा हा फेरा आहे. मागणीच्या अभावी अर्थव्यवस्था बेकारीतच स्थिरावू शकते आणि अशा वेळी शासनाने खर्च वाढवला पाहिजे, हे केन्सने १९३६ साली मांडले. पोलिश अर्थशास्त्रज्ञ कलेकी ह्याने १९४३ साली त्यापुढचा प्रश्न विचारला. पूर्ण रोजगार साधता येतो हे कळल्यावरही मालकवर्ग त्याला विरोध का करील? कामावरून काढून टाकण्याची भीती हे कारखान्यातील शिस्तीचे हत्यार आहे आणि दुसरे काम हमखास मिळणार असेल तर ते हत्यार बोथट होते, हे त्याचे उत्तर. म्हणजे बेकारी हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे तितकाच तो सत्तेचाही प्रश्न आहे.

आता बेकारीच्या मोजणीकडे वळले पाहिजे. कारण मंदीची तीव्रता आकड्यांआड सहज लपते. गरीब माणसाला बेकार राहणे परवडत नाही. नोकरी गेली की तो हातगाडी लावतो, नाक्यावर उभा राहतो किंवा गावी जाऊन भावाच्या शेतात राबू लागतो. घरच्या शेतीत वा धंद्यात बिनमजुरीने मदत करणारा माणूसही सरकारी पाहणीत ‘रोजगारात’ धरला जातो. केंद्र शासनाच्या श्रमबल पाहणीत वार्षिक निकषानुसार बेकारीचे प्रमाण २०१८-१९ साली ५.८ टक्के होते, ते २०१९-२० साली ४.८ टक्क्यांवर आले. ह्या दुसऱ्या वर्षात टाळेबंदीचे महिने मोडतात! त्याच पाहणीच्या साप्ताहिक निकषाने एप्रिल ते जून २०२० ह्या तिमाहीत शहरांतील बेकारी सुमारे २१ टक्के होती. ह्या कोड्याचा उलगडा शेतीच्या आकड्यात आहे. शेतीत गुंतलेल्यांचे प्रमाण एका वर्षात ४२.५ टक्क्यांवरून ४५.६ टक्क्यांवर गेले. शेतीत नवे काम निर्माण झाले नव्हते. होते तेच काम अधिक हातांत वाटले गेले होते. म्हणून बेकारीचा दर उतरला की रोजगार वाढला असे मानणाऱ्याने, लोक कोणत्या कामातून कोणत्या कामात ढकलले गेले, हे आधी पाहावे.

मंदीला उत्तर कसे देता येते हे सांगण्यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्याच इतिहासात दहा वर्षांच्या अंतराने दोन संकटे येऊन गेली आणि त्यांना दिलेली उत्तरे परस्परविरुद्ध होती.

पहिले संकट १९७२-७३ च्या दुष्काळाचे. तो दुष्काळ धान्याचा तसाच कामाचाही होता. पीक बुडाले म्हणजे शेतमजुराची मजुरी बुडाली. दुकानात धान्य आले तरी ते घेण्यास त्याच्या गाठीला पैसा नव्हता. मिलो आणि सुकडी ह्या शब्दांची आठवण त्या पिढीला अजून आहे. परंतु त्या दुष्काळाचे महत्त्व वेगळेच आहे. खडी फोडणे, रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव अशी कामे शासनाने काढली आणि मे १९७३ च्या सुमारास त्यांवर जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. माणसे जगली ती मुख्यतः मजुरीमुळे. त्या काळी विधान परिषदेचे सभापती असलेले वि. स. पागे ह्यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली होती. तिचा १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने काम मागितले की पंधरा दिवसांत ते द्यावयाचे, न दिल्यास बेकारभत्ता द्यावयाचा. काम ही शासनाची मेहेरबानी न राहता मागणाऱ्याचा हक्क झाला. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला आणि कराच्या उत्पन्नाइतकी रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामाचा भार उचलला.

दुसरे संकट मुंबईच्या गिरणगावातले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करावे आणि १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला मिळालेली मक्तेदारी संपवावी, ह्या त्यांच्या मागण्या होत्या. कापड धंदा आधीच मंदीत होता; उत्पादन भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे सरकत होते. गिरण्या बंद राहणे अनेक मालकांच्या पथ्यावरच पडले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला आणि हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. गिरणीच्या भोंग्यावर केवळ कामगाराचे घर चालत नव्हते. खानावळ चालवणारी बाई, चाळीखालचा उधारी देणारा वाणी, कोकणात आणि घाटावर मनिऑर्डरची वाट पाहणारे आईबाप, सगळेच त्या एका पगारावर उभे होते.

दोन्ही संकटांतील फरक येथे नेमका दिसतो. शहरातील ज्या पगारदारांनी व्यवसाय कर भरला त्यांत कामगारही होता. त्याच्या घामाच्या पैशावर खेड्यात कामाची हमी उभी राहिली, आणि ती राहिली हे योग्यच झाले. पण त्याची स्वतःची नोकरी गेली तेव्हा त्याच्यासाठी कोणतीच हमी नव्हती. गावी परतला तर बांधबंदिस्तीचे काम त्याला कायद्याने मागता येत होते. परळ-लालबागेत राहिला तर काही मागता येत नव्हते. त्यानंतरच्या काळात विमाधारक कामगारांसाठी २००५ साली आणि पुन्हा २०१८ साली बेकारीभत्त्याच्या योजना आल्या. परंतु नाक्यावरचा मजूर, घरकामगार आणि कंत्राटी कामगारांचा मोठा वर्ग राज्य विमा योजनेच्या बाहेरच असतो. ज्याला आधाराची सर्वाधिक गरज, त्याच्याच हातात विम्याचे कार्ड नाही.

महाराष्ट्राच्या प्रयोगातून स्फूर्ती घेऊन २००५ साली देशाचा रोजगार हमी कायदा झाला. २०२०-२१ साली, शहरांतून माणसे पायी गावी परतली तेव्हा, त्या कायद्याखाली साडेसात कोटी कुटुंबांनी काम केले आणि सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस भरले. मागणी वाढली तसा खर्च वाढवता आला, हेच त्या कायद्याचे बळ होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात कामाचे दिवस शंभराचे सव्वाशे केले आहेत; परंतु राज्याच्या वाट्याचा निधी केंद्राने आधी ठरवायचा आणि बहुतेक राज्यांनी खर्चाचा ४० टक्के भार उचलायचा, अशी व्यवस्था आहे. मंदीत कामाची मागणी वाढते आणि नेमके तेव्हाच राज्यांचे उत्पन्न घटते. रक्कम आधीच बांधून टाकली की कागदावर दिवस कितीही वाढले तरी संकटकाळी हमी आखडते. हक्काचे पुन्हा अनुदान होण्याचा धोका तो हाच.

ह्यावर दोन आक्षेप घेतले जातात. एक, अशी कामे निरुपयोगी असतात. जुन्या योजनेतही अपुरे सोडलेले रस्ते होते, खोट्या हजेरीपटांच्या तक्रारी होत्या. हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्यावर उपाय म्हणजे कामांची निवड आणि तपासणी लोकांच्या हाती देणे. गैरव्यवहारासाठी हक्कच रद्द करणे हा उपाय नव्हे. धरणाच्या कामात भ्रष्टाचार झाला म्हणून सिंचन बंद करा, असे कोणी म्हणत नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. बेकार हात रिकामे बसतात तेव्हाही समाज किंमत मोजतच असतो. फक्त ती अर्थसंकल्पात दिसत नाही. ती शाळा सोडणाऱ्या मुलीच्या, गहाण पडलेल्या दागिन्याच्या आणि निम्म्या मजुरीवर राबणाऱ्या पदवीधराच्या नावावर चढते.

म्हणून मागणी नेमकी हवी. खेड्यातील हमीला निधीची मर्यादा नको आणि शहरांसाठी हमीचा कायदा हवा. केरळने २०१० साली आणि राजस्थानने २०२२ साली शहरी रोजगार हमीच्या योजना सुरू केल्या. तेव्हा हे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. नालेसफाई, शाळांची दुरुस्ती, पाळणाघरे, वृद्धांची शुश्रूषा, वृक्षलागवड अशी कामे प्रत्येक शहरात पडून आहेत. ती करू शकणारे हातही पडून आहेत. दोहोंची गाठ बाजार घालून देत नसेल तर ती शासनाने घातली पाहिजे.

ज्या राज्याने दुष्काळाच्या छायेत काम मागण्याचा हक्क कायद्यात लिहिला, त्या राज्याने तो हक्क शहराच्या वेशीवर अडवून धरू नये. कायदा १९७७ साली आपसूक झाला नव्हता. त्यामागे मोर्चे होते, खडी फोडणाऱ्या बायांचा आवाज होता. आज नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाचा आवाज तेवढा संघटित करणे, हे चळवळीपुढचे काम आहे.