बारीक दिसणे आणि मर्म कळणे

(हेन्डरसन येथील बैठकीत केलेले भाषण)



गेल्या महिन्यात इथे डोळे तपासले. न्यूझीलंडमध्ये गाडीच्या परवान्याला 6/12 नजर लागते. म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला 12 मीटरवरून वाचता येणारे अक्षर आपल्याला निदान 6 मीटरवरून वाचता आले पाहिजे. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, तुमची अ‍ॅक्युइटी उत्तम आहे. त्याच संध्याकाळी मुलाचा नोकरीचा अर्ज वाचला, तर त्यात 'बिझनेस अ‍ॅक्युइटी'! तिथे हवे होते अ‍ॅक्युमेन.

दोन्ही शब्द लॅटिनमधल्या टोकदारपणातून आले आहेत. अ‍ॅक्युइटी ही मुख्यतः डोळ्याकानांची तीक्ष्णता (बुद्धीचीही म्हणतात, पण कमी). ती मोजता येते. हर्मान स्नेलेन यांनी 1862 साली अक्षरांचा तक्ता केला तो त्यासाठीच. अ‍ॅक्युमेन म्हणजे पारख, दिसले त्यातले मर्म ओळखणे. त्याला तक्ता नाही. मराठीत आपण दोघांनाही 'हुशार' म्हणून मोकळे होतो.

1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतिराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारी खर्चाचे आकडे वाचता येणारे तेव्हाही होते. फुल्यांनी पाहिले की महसूल बव्हंशी राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरच्या खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना होतो. म्हणून त्यांनी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. याला अ‍ॅक्युमेन म्हणायचे.

आता आपले बघा. मुलाखतीत आपले नाव उच्चारताना गोऱ्या साहेबाचा चेहरा जरा बदलला, की आपल्याला लगेच दिसतो. तिथे आपण 6/6! पण नवे मराठी कुटुंब भेटले आणि आडनावावरून काही उमगले नाही, की आपण विचारतो, "मूळचे कुठले तुम्ही?" गाव कळले तरी प्रश्न संपत नाहीत.

मीही विचारले आहे, मागच्या गणपतीत. त्या गृहस्थांनी फक्त तालुका सांगितला आणि ताट उचलून दुसरीकडे जाऊन बसले. त्यांचा चेहरा उतरलेला मला स्वच्छ दिसला होता. मला वाटले, प्रवासाने दमले असतील. घरी परतताना गाडीत बायको म्हणाली, "तुम्ही त्यांना जात विचारलीत."

त्यांना मी अजून फोन केलेला नाही. नंबर घेऊन ठेवला आहे.