सायकलस्वाराची जर्सी आणि शिवणाराची मजुरी



विषयाचा फळा वाचून आज सकाळी एस. टी. स्टँडवर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस अडविले आणि विचारले, “काय रे, सायकलीला कापडं घालाय लागले व्हय आता?” आम्ही हसलो; पण प्रश्न अगदीच गैर नव्हता. आमच्या पिढीने सायकल चालविली ती अंगावर असतील त्या कपड्यांनिशी. पन्नास पैसे तासाने भाड्याची सायकल घ्यावी, लेंग्याचा घोळ चेनमध्ये जाऊ नये म्हणून त्याला क्लिप लावावी, की झाला पोशाख. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून चढ चढणाऱ्या माणसासाठी खास कपडे शिवावे, असे कधी कोणाच्या मनात आले नाही.

हल्ली रविवारी पहाटे सागरेश्वरच्या बाजूला गेलात तर निराळाच थाट दिसतो. गिअरच्या सायकली, डोक्याला हेल्मेट, अंगाला घट्ट जर्सी, हातमोजे आणि आत गादी शिवलेली चड्डी. कोणी ह्या मंडळींना हसतात. आम्ही हसत नाही. पेट्रोल न जाळता आपल्या पायांवर दहावीस कोस जाऊन येणारा माणूस आम्हांस आपला वाटतो. त्या गादीचा उपयोग काय, हेही आम्ही एकदा लांबच्या फेरीत अनुभवाने शिकलो आहोत; त्याचे वर्णन ह्या व्यासपीठावरून नको.

आमचा प्रश्न दुसरा आहे, आणि तो आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीतून निघाला.

दोन वर्षांमागे कामगारदिनी आमच्या युनियनने सायकलफेरी काढावयाचे ठरविले. साठ सभासदांनी नावे दिली. तरुणांनी आग्रह धरला की सर्वांना एकसारख्या लाल जर्शा पाहिजेत. आम्ही तीन दुकानांचे दर मागविले आणि सर्वांत कमी दराच्या दुकानाला काम दिले. जर्शा आल्या. पाठीवर ठळक अक्षरांत ‘किमान वेतन मिळालेच पाहिजे’ असे छापलेले होते. वाटप चालू असता एका सभासदाची पत्नी एक जर्सी उलटी करून शिवण न्याहाळू लागली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, “अण्णा, ही बाही माझ्याच हातची हाय की. लाल दोरा संपला म्हणून मी हितं दुसरा घातलेला.”

ती बाई एका शेडमध्ये ओव्हरलॉकच्या मशीनवर बसते. एका जर्सीच्या दोन्ही बाह्या जोडण्याचा तिला दीड रुपया मिळत होता. मशीन बिघडले, वीज गेली, की तो वेळ तिच्या पदरी. तिथेच बसून आम्ही दिवसाचा हिशेब मांडला. तो किमान वेतनाच्या निम्म्यालाही पोचत नव्हता. आम्ही संतापून म्हणालो, “सगळा माल परत करतो.” तेव्हा ती घाबरली. “तसं करू नका, अण्णा. हाय ते काम बी जाईल.”

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. तीस वर्षे मालकाच्या दारात उभे राहून आम्ही मजुरी मागितली. पण दुकानाच्या फळीपुढे उभे राहिलो की आपणच मालक होतो आणि मालकासारखाच भाव पाडतो, हे कळायला पन्नाशी उलटावी लागली. भाव पडतो तो कोठे पडतो, हे पाहा. गिऱ्हाईक दुकानदाराला दाबते, दुकानदार व्यापाऱ्याला, व्यापारी ठेकेदाराला. ठेकेदाराला कापड, दोरा, वीज ह्यांचे दर ठरलेलेच असतात. दाबण्यासारखे त्याच्यापाशी एकच उरते, ते म्हणजे त्या बाईचा दीड रुपया.

आमचे वडील मुंबईच्या गिरणीत होते. सातारा-सांगलीकडच्या किती घरांतून माणसे गिरणगावात गेली, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. १८ जानेवारी १९८२ पासून संप झाला, गिरण्या एकामागून एक गेल्या. पण म्हणून देशात कापड कमी झाले नाही. ते भिवंडी, इचलकरंजी, विटे येथल्या यंत्रमागांवर अधिकाधिक निघू लागले. गिरणीत पाळी आठ तासांची होती, मागावर ती बारा तासांची झाली. कापड स्वस्त झाले म्हणून लोक खूष होते, आम्हीही त्यांतलेच.

‘स्वदेशी घ्या, म्हणजे प्रश्न मिटला,’ असे कोणी म्हणेल. ती शेड काही परदेशात नव्हती! स्वदेशीच्या थोर पुरस्कर्त्यांनाही ही अडचण भेटली होती. खादी विकली जात होती, पण कातणाऱ्या बाईच्या हातात फार थोडे पडत होते. तेव्हा गांधीजींच्या आग्रहावरून १९३५ साली चरखा संघाने ठरविले की कातणारीला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. खादी त्यामुळे महाग होणार, गिऱ्हाइके कुरकुर करणार, हे उघड दिसत होते. तरी ठराव झाला. त्या ठरावाचा उल्लेख खादीवरच्या भाषणांतून फारसा होत नाही. आम्हांस तो सर्वांत मोलाचा वाटतो.

आता सायकलीकडे येऊ. शेजारच्या किर्लोस्करवाडीचे नाव सर्वांच्या तोंडी आहे, पण तिचे मूळ एका सायकलच्या दुकानात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकली विकण्याचा व दुरुस्त करण्याचा धंदा काढला. नांगर आले, १९१० साली वाडी वसली, ते सगळे मागाहून. त्या वेळी सायकल विलायतेहून येई. पुढे ती मुंबईत वरळीला हिंद सायकल्सच्या कारखान्यात होऊ लागली, आसनसोल, मद्रास, सोनीपत, लुधियाना येथेही होऊ लागली. हिंद सायकल्सचे १९८० साली राष्ट्रीयीकरण झाले, तरी तो कारखाना टिकला नाही. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता! शेकडो कामगार घरी गेले. तेव्हा स्वस्त सायकल घेताना ती कोठे जुळविली, सुटे भाग कोणत्या गल्लीत घडले, मुलाम्याच्या हौदाशी उभ्या असणाऱ्याच्या हातांत मोजे होते काय, हे विचारणे काही भोचकपणाचे नाही. चकचकीत रिमवर जो क्रोमचा मुलामा असतो त्याचे पाणी फार विषारी. लुधियान्याच्या बुड्ढा नाल्यात असले पाणी आणि कापड रंगविण्याचे पाणी वर्षानुवर्षे गेले. तिरुपूरला होजिअरीच्या रंगाने नोय्यल नदी इतकी बिघडली की मद्रास उच्च न्यायालयाने २०११ साली तेथील रंगशाळा बंद करण्याचा हुकूम दिला. शेतकऱ्यांनीच ते गाऱ्हाणे न्यायालयात नेले होते. टेंभूच्या पाण्यासाठी इतकी वर्षे वाट पाहिलेल्या आपल्या तालुक्याला पाण्याची किंमत वेगळी सांगण्याची गरज नाही.

जर्सी बहुधा पॉलिएस्टरची असते, म्हणजे खनिज तेलाची. ती घाम लवकर वाळविते हा तिचा गुण. धुताना तिचे बारीक तंतू सुटून पाण्यात जातात हा अवगुण. सुती सदरा घामाने जड होतो, पण बाजाराला किंवा शाळेला सायकलीने जाणाराला त्याने काय बिघडते? कापसालाही फवारे लागतातच. निर्दोष कापड आम्ही अजून पाहिलेले नाही. म्हणून आमचा कल असा, की लांब जाणाराने एक चांगली जर्सी घ्यावी आणि फाटेपर्यंत वापरावी; दर हंगामाला नवा रंग कशाला?

शिक्के पाहून माल घ्या, असेही सांगतात. शिक्के असावेत, पण कराचीच्या अली एंटरप्रायझेस ह्या कापडाच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये उत्तम कामगार-व्यवस्थेचा आंतरराष्ट्रीय दाखला मिळाला, आणि ११ सप्टेंबरला तो जळाला. अडीचशेंहून अधिक माणसे गेली. पुढच्या वर्षी ढाक्याजवळ राणा प्लाझाची इमारत कोसळली, तींत अकराशेंहून अधिक मेली. त्यानंतर बांगला देशात खरा फरक पडला तो कामगार संघटना व मोठ्या कंपन्या ह्यांच्यात कायद्याने बांधणारा करार झाल्यामुळे. दाखला देणारा पाहुणा एक दिवस येऊन जातो. संघटना रोज तेथेच असते. दुकानदाराला आम्ही म्हणूनच विचारतो, की जेथे हे शिवले तेथे युनियन आहे काय? बहुतेक वेळा तो आमच्याकडे वेड्याकडे पाहावे तसा पाहतो. आपल्या गावचे ताबूत कोणाच्या हातचे, हे लहान पोरही सांगते. अंगावरच्या कपड्याबद्दल मात्र विचारले तर वेडेपणा ठरतो.

सगळ्यांत चांगली खरेदी म्हणजे न केलेली, हे तर उघडच आहे. जुन्या लोखंडी सायकलीचा चिमटा वाकला तर सरळ होतो, फ्रेम तडकली तर वेल्डर जोडून देतो, चाकाचा आउट निघतो, छरे बदलून ग्रीस भरले की हब पुन्हा दहा वर्षे चालतो. कार्बनची फ्रेम तडकली तर ती घेऊन कोठे जाल? आणि पंक्चरवाल्याला दिलेला पैसा त्याच्या हातात पडतो, मध्ये चार दलाल नाहीत. हेल्मेट मात्र जुने घेऊ नये. एकदा जोराने आपटलेले टाकून द्यावे. तेथे काटकसर नको.

त्या जर्शांचे काय झाले, ते सांगून बसतो. माल आम्ही परत केला नाही. बाईचे नाव न घेता दुकानदाराशी बोललो. त्याला शेडचा पत्ताही ठाऊक नव्हता, निदान तो तसे म्हणाला. सहा महिने हेलपाटे घातले, शेडमधल्या आणखी बायका बोलू लागल्या, तेव्हा दीडाचे सव्वादोन झाले. एवढेच झाले. यंदा पंचवीस नवे सभासद आले. तेवढ्यांपुरत्याच नव्या जर्शा त्याच शेडकडून घेतल्या, पण बिलावर शिलाईची मजुरी वेगळी लिहून मागितली. बाह्यांचा दर बायकांनी सांगितला, चार रुपये, आणि तोच लिहिला गेला. जर्सी अर्थातच महाग पडली. पंचवीसांपैकी नऊ जणांची वर्गणी अजून यावयाची आहे. त्यांतले तिघे मागच्या रांगेत बसलेले आम्हांस येथून दिसत आहेत.