मिंधेपणाचे मोल



राजकारणातील पैशाचा विषय निघाला की चर्चा लाचलुचपतीवर येऊन थांबते. लाच हा गुन्हा आहे; त्यासाठी कायदा आहे, तुरुंग आहे. मिंधेपण मात्र कोणत्याही दंडसंहितेत बसत नाही, आणि लोकशाहीला वाळवी लागते ती त्याचीच.

१९५१ साली हंगामी संसदेचे सदस्य मुद्गल यांनी मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिची बाजू संसदेत मांडल्याचे उघड झाले. टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यांना दोषी ठरविले. ठराव संमत होण्यापूर्वीच मुद्गल यांनी राजीनामा दिला. तरीही ते हकालपट्टीलाच पात्र होते, अशी नोंद सभागृहाने आवर्जून केली.

नियतीचा खेळ पाहा. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतविले. तो पैसा सामान्य माणसाच्या विम्याच्या हप्त्यांचा होता. सत्ताधारी पक्षाच्याच फिरोज गांधींनी लोकसभेत जाब विचारला. न्यायमूर्ती छगला यांनी मुंबईत उघड चौकशी केली. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, असा निर्वाळा त्यांनी दिला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांना पद सोडावे लागले. ते अर्थमंत्री म्हणजे हेच कृष्णम्माचारी!

याच छगलांसमोर १९५७ साली टाटा पोलाद कंपनीचा अर्ज आला होता. राजकीय पक्षांना देणगी देण्याची मुभा कंपनीला हवी होती. कायदा आड येत नसल्याने न्यायालयाने ती दिली. पण ही प्रथा एके दिवशी लोकशाहीचाच गळा आवळील, असा इशाराही दिला. पुढे १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले. देणगी बँकेतून जाऊ लागली, परंतु देणाऱ्याचे नाव मतदारापासून झाकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरविली. नंतर प्रसिद्ध झालेल्या तपशिलात सर्वाधिक रक्कम केंद्रात सत्तेवर असलेल्या भारतीय जनता पक्षाची होती; इतर अनेक पक्षांनीही आपापल्या परीने ओंजळ भरून घेतली होती.

येथे परक्याकडे बोट दाखविणे सोपे आहे. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतले म्हणून संसदेने अकरा खासदारांना बडतर्फ केले, तेव्हा त्यांत सर्वाधिक सदस्य भारतीय जनता पक्षाचेच होते. आपल्या माणसाला वेगळा तराजू लावणारा कार्यकर्ता पक्षाचे हित करीत नाही. तो दुखणे अंगावर काढतो.

निवडणुकीला पैसा लागतो, हे निर्विवाद. तो कोणीतरी देणारच. प्रश्न एवढाच, की पावती कोणाच्या नावे फाडली, हे मतदाराला कळते की नाही. दारोदार पावतीपुस्तक घेऊन हिंडणाऱ्या कार्यकर्त्याला दहा रुपये देणाऱ्याचे नावही लिहावे लागते. मग दहा कोटी देणाऱ्याला पडदा कशासाठी?